मी बसले की फाटक लागतं

मी निळी बोलतेय. जरा माझ्या उजव्या बाजूला सरकून बसा, डावा कान जन्मापासून बहिरा आहे. त्याच्याजवळ डबे बडवा नाहीतर बंदूक उडवा, तो ढिम्म हलत नाही. बारा वर्षांत त्या कानात एकच आवाज आला, आणि तो कुणाचा होता हे सांगायला म्हणून मी आज तोंड उघडलंय. एरवी आमची जात बडबडी नव्हे. भुंकायचं काम राखणदारांचं. आम्ही गुरं वळवणारी कुत्री. मुकाट्यानं मागून जायचं, खुराच्या वर टाचेला चावा घ्यायचा आणि लाथ यायच्या आत जमिनीला चिकटायचं, एवढं आम्हाला येतं. आणि ते दुसऱ्या कुणाला जमत नाही, हेही सांगून ठेवते.

आमच्या जातीची गोष्ट गुराखी लोक फार रंगवून सांगतात. पूर्वी म्हणे गुरं इतक्या लांबलांबच्या रानांतून हाकत न्यावी लागायची, की मेंढरांमागची साधी कुत्री अर्ध्या वाटेत ढेपाळायची. शिवाय भुंकभुंक भुंकायची, त्यानं गुरं बिथरायची. तेव्हा कुणा डोकेबाज गुराख्यानं मेंढरांमागच्या कुत्रीचं लग्न थेट रानटी कुत्र्याशी लावून दिलं. वऱ्हाडी कोण होते ते विचारू नका. त्या रानटी पणजोबांकडून आम्हाला पाठलाग आला, आवाज न करता मागून येणं आलं. पणजीकडून शिस्त आली. ही दोन्ही रक्तं माझ्या अंगात अजून भांडतात. काम असलं की पणजी जिंकते, धुकं पडलं की पणजोबा जागे होतात.

दिसायला मी देखणी वगैरे नाही. बुटकी आहे, छाती रुंद, मान जाड, कान उभे. आमची पिल्लं जन्मतात पांढरीशुभ्र. तिसऱ्या आठवड्यापासून अंगावर ठिपके उमटायला लागतात, शाईचा पेन झटकल्यासारखे, आणि मग सगळं अंग निळसर राखाडी दिसायला लागतं. म्हणून माझं नाव निळी. माझ्या उजव्या डोळ्याभोवती काळा डाग पडला. तोंडाची डावी बाजू मात्र पांढरीच राहिली.

स्वभावानं मी तुसडी. दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर नऊ वर्षं रोज येतोय, अजून मी त्याला एकदाही शेपूट हलवलेली नाही. माणूस वाईट नाही हो, पण म्हणून काय झालं? आमच्या जातीला एकच माणूस पुरतो. त्या एकाच्या पायाशी आम्ही आयुष्य काढतो. माझा तो माणूस म्हणजे बाबा. ते ताईचे बाबा, माझे मालक, पण ताई बाबा म्हणायची म्हणून मीही बाबाच म्हणते.

बाबा मला घ्यायला आले तेव्हा मी दोन महिन्यांची होते. कुत्रेवाली बाई पिल्लांच्या मागे उभी राहून पत्र्याचं झाकण वाजवायची. माझ्या भावंडांनी झटकन मागे बघितलं. मी पुढे बघितलं, मग डावीकडे, मग वर.

"हिला एकच कान आहे," बाई म्हणाली. "आवाज ऐकते, पण कुठून आला ते कळत नाही तिला. तुम्ही दुसरं बघा. ही घरात ठेवण्यापुरती ठीक."

"घरात ठेवायला मला काय मांजर हवंय?" बाबा म्हणाले. मी त्यांच्या बुटाची टाच चावून बघत होते. त्यांनी मला उचललं आणि कोटाच्या खिशात कोंबलं. झाला आमचा व्यवहार.

त्यांनी मला शिकवलं ते असं. आधी शिट्टी, मग काठी. शिट्टी वाजली की मी बाबांकडे बघायचं, आणि काठी जिकडे उठेल तिकडे पळायचं. "शिट्टी कानाला, काठी डोळ्याला," असं ते रोज म्हणायचे. एक लांब शिट्टी म्हणजे वळसा घाल. दोन आखूड आणि एक लांब म्हणजे मागचं आण. कळपात मागे रेंगाळणारं एक तरी जनावर असतंच. ते घेतल्याशिवाय परत यायचं नाही. मी बाबांच्या नजरेसमोर राहायची, बाबा माझ्या. त्यामुळे एका कानानं आमचं काहीही अडलं नाही.

ओरडा एकदाच खाल्ला. ताई तेव्हा लग्नाची व्हायची होती. अंगणातून धावत निघाली आणि मला राहवलं नाही, घेतला तिच्या टाचेचा चावा. बाबांनी माझं थोबाड दोन्ही हातांत गच्च धरलं आणि डोळ्यांत बघून म्हणाले, "माणसाला दात नाही. कधीच नाही. कळलं?" कळलं. पुढे सात वर्षं मी माणसाला दात लावला नाही.

आता फाटकाचं ऐका. गायी चरून परत आल्या की धारेआधी त्यांना कुंपणाच्या आत घ्यायचं आणि मोजायचं. घरच्यांच्या मोजणीनं त्या एक्केचाळीस. मला मोजता येत नाही. पण सगळी आत आली की माझे मागचे पाय आपोआप दुमडतात आणि मी खाली बसते. हे मला कुणी शिकवलेलं नाही. एक जरी बाहेर असेल, तर पोटात कुणीतरी दोर ओढून धरल्यासारखं होतं आणि बसताच येत नाही.

एकदा जावयांनी मोजल्या. जावई म्हणजे ताईचा नवरा, धार काढायची यंत्रं सांभाळतात. एक्केचाळीस भरल्या, त्यांनी फाटक लावलं. मी उभीच. "बस की आता, भरल्या सगळ्या," म्हणत त्यांनी माझी पाठ दाबली, मी परत उठले. पुन्हा दाबली, पुन्हा उठले. शेवटी बाबांनी नीट पाहिलं, तर शेजाऱ्यांची एक गाय आत शिरली होती आणि आमची एक बाहेर होती. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून घरात नियम झाला. निळी बसली की फाटक लागेल. "मोजणी चुकते, निळी चुकत नाही," असं बाबा आल्यागेल्याला सांगायचे आणि माझी मान ताठ व्हायची.

एक गोष्ट मात्र त्यांच्या कुणाच्या लक्षात आली नव्हती. फाटकातून सगळ्यांत शेवटी आत यायचे ते बाबा. ते आत आले, की मी बसायची. माझ्या हिशेबात तेही होते.

मग तो दिवस आला. थंडीचे दिवस होते. कुरणाच्या पलीकडे दलदल आहे, सगळी लव्हाळ्यानं भरलेली. दुपारी तीनच्या सुमाराला तिच्यावरून धुकं उठलं आणि बघता बघता कुरणात शिरलं. आम्ही घाईघाईनं गायी आत आणल्या. मी फाटकात उभी राहिले ती उभीच.

"बाबा, निळी बसत नाहीये," ताईनं हाक दिली.

"रेंगाळी राहिली असणार. दिवस भरलेत तिचे. लव्हाळ्यात जाऊन व्यायचं खूळ असतं काहींना."

"एवढ्या धुक्यात? थांबा, मी पण येते."

"तू धारेचं बघ. निळी आहे ना माझ्याबरोबर."

निळी आहे ना माझ्याबरोबर. अजून हे शब्द माझ्या घशाखाली उतरत नाहीत.

रेंगाळी सापडली. लव्हाळ्यात मान खाली घालून उभी होती, अजून व्यायली नव्हती. बाबा माझ्या मागे दहा पावलांवर. त्यांनी शिट्टी घातली, मी टाचेला चावले, रेंगाळी निघाली. पण गाभण गाय ती, दर दोन पावलांनी डावीउजवीकडे फुटायला बघत होती. धुकं इतकं, की मला तिची टाच तेवढी दिसत होती. मी त्या टाचेवरून नजर काढली नाही. तिला फाटकातून आत घातलं आणि वळून बघितलं.

मागे कुणीच नव्हतं. सगळं पांढरं.

तेवढ्यात शिट्टी आली. दोन आखूड, एक लांब. मागचं आण.

मी सुटलेच. पण सुटले कुठे? दोन कानांच्या जनावराला आवाजाची बाजू कळते. एका कानाला एवढंच कळतं, की आवाज आहे. काठी बघावी तर धुक्यात स्वतःचं नाक दिसत नव्हतं. मी दगडी मोरीकडे पळाले. तिथे कुणी नव्हतं. पुन्हा शिट्टी. मी पाण्याच्या हौदाकडे पळाले. तिथेही नव्हतं. तिसरी शिट्टी बारीक आली. दोन आखूड, आणि लांब जी सुरू झाली ती अर्ध्यावरच तुटली.

त्यानंतर शिट्टी आली नाही.

आठ दिवस लोक दलदलीत लांब काठ्या खुपसत होते. जावई छातीएवढ्या चिखलात उतरले, दोर बांधून, दोनदा. ताई काठावर उभी राहून हाका मारत होती, घसा बसेपर्यंत. बाबांची काठी सापडली, चिखलात उभी रोवलेली. बाबा सापडले नाहीत. रेंगाळी मात्र त्याच संध्याकाळी व्यायली. वासरू झकास होतं. मी त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

फाटकाची कडी त्या दिवसापासून लागलीच नाही.

"निळी बसलेली नाही," ताई म्हणाली.

"अगं, कुत्रीच्या बसण्यावर घर चालतं का?" जावई म्हणाले. वैतागून नव्हे हो, काकुळतीनं.

"बाबांचं चालायचं."

जावयांनी मग गायींना गोठ्यात दाव्यानं बांधायला सुरुवात केली. फाटक सताड उघडं. त्याच्या खांबाला टेकवून ताईनं बाबांचे दुसरे रबरी बूट ठेवले, आल्यावर पाय भरलेले असतील म्हणून. रोज धार झाली की ती तिथे येऊन बसायची आणि माझ्या ढुंगणाकडे टक लावून बघायची. हसू नका. वर्षभर त्या पोरीनं दुसरं काही केलं नाही. जेवण तुटलं, झोप तुटली, गालाची हाडं वर आली. गुरांचे डॉक्टर आले तेव्हा तिनं त्यांना मला तपासायला लावलं. त्यांनी माझी कंबर दाबून बघितली. "कमरेत काही नाही हिच्या," ते म्हणाले आणि ताईच्या चेहऱ्याकडे बघून पुढचं गिळून टाकलं.

मला बसायचं होतं. देवाशपथ सांगते, मला बसायचं होतं. तिच्यासाठी तरी. पण पोटातला दोर सुटत नव्हता.

पुढच्या थंडीत पहिलं धुकं पडलं, त्या दुपारी मी गायींबरोबर कुरणात होते. आणि शिट्टी आली. दोन आखूड, एक लांब.

माझ्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला. मी इकडे पळाले, तिकडे पळाले, तेच पुन्हा, एका कानाचं कर्म. आणि मग मी गायींकडे बघितलं. एकूण एक गाय चरायची थांबली होती आणि तोंडं जिकडे असतील तिकडे असोत, सगळ्यांचे कान एकाच बाजूला वळले होते. ऐंशीवर कान, लव्हाळ्याकडे.

तेव्हा मला कळलं, की हे मला त्या दिवशीच करता आलं असतं. वळून फाटकातल्या गायींचे कान बघायचे आणि सरळ तिकडे पळायचं. एवढं सोपं होतं. माझ्या तेव्हा डोक्यात आलं नाही. माझं चुकलं. बाबा, माझं चुकलं.

मी कानांच्या रोखानं गेले. लव्हाळ्यात एका जागी गवत फार हिरवं आहे, बाकी सगळं वाळलेलं असतानाही. तिथे बाबांचा वास होता. दुधाचा, ओल्या लोकरीच्या कोटाचा. माणूस नव्हता. मी त्या जागेभोवती फिरले. हाकायला मला टाच लागते हो, आणि तिथे टाचच नव्हती. शेवटी मी घराकडे निघाले. दहा पावलं गेले असेन, तर पायाखालच्या ओल्या जमिनीला दणका जाणवला. पचक. पचक. रबरी बुटांचा. माझ्या मागे दहा पावलांवर.

मी मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर थांबला असता, असं वाटलं. मी चालत राहिले. त्या दिवशी तो आवाज दगडी मोरीपर्यंत आला आणि थांबला.

दुसऱ्या धुक्याला हौदापर्यंत आला. गायी माझ्यापुढे चालत होत्या, आणि शेवटची गाय आणि मी यांच्यात त्यांनी माणसाएवढी जागा सोडली होती. रेंगाळी तर पाठ करायलाच तयार नव्हती. वासराला पोटाशी घेऊन उलटी चालत होती.

तिसऱ्या धुक्याला फाटकाच्या बाहेर दोन हातांवर.

आता खरं सांगते, मला भीती वाटली नाही. शेपूट हलत होती माझी! मागचं आण म्हणाले होते ना, मी आणत होते. उशीर झाला, वर्ष लागलं, पण आणत होते. अजून दोन हात, की बाबा आत येतील, माझे पाय दुमडतील, ताई कडी लावेल आणि पोटभर जेवेल. एवढंच मला हवं होतं. दुसरं काही कधी मागितलंय मी?

चौथं धुकं पडलं ते भर दुपारी. गायी आत आल्या. जावई गोठ्यात होते, यंत्रांचा खडखडाट चालू होता. ताई बादली घेऊन फाटकाशी उभी होती. शिट्टी आली. मी सवयीनं गायींच्या कानांकडे बघितलं. ते बाहेर वळले नव्हते. ते सगळेच्या सगळे ताईकडे वळले होते.

ताईनं मान वर केली. त्याआधी धुक्यातली ती शिट्टी तिला एकदाही ऐकू आली नव्हती.

"आले, बाबा," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात, पाणी द्यायला बोलावल्यासारखी. बादली नीट खाली ठेवली. चपला काढल्या, बाबांचे बूट पायांत चढवले आणि चालू लागली.

मी तिच्या मागे निघाले. वाटलं, आणायला चालली असेल, बरंच झालं. पायाखालचा पचक पचक दणका आता आमच्या पुढे होता, आणि लांब जात होता. हौद गेला. मोरी गेली. ताईचे डोळे उघडे होते, पण त्यांत बघणं नव्हतं. पुन्हा शिट्टी. मागचं आण.

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी बाबांना घरी आणत नव्हते. बाबा कळप गोळा करायला येत होते. ते पलीकडे होते, एकटेच, आणि त्यांच्या मोजणीत एक जण मागे राहिला होता. ती शिट्टी ताईला नव्हतीच. ती मला होती. मी कुठे चालत होते माहितेय? तिच्या डाव्या टाचेच्या हातभर मागे, मान खाली घालून. बाबांनी शिकवलं होतं तिथेच. मी तिला हाकत होते.

लव्हाळं आलं. एक बूट चिखलात रुतला आणि ताईचा पाय त्यातून निसटून बाहेर आला. ती अनवाणी पाऊल पुढे टाकायला निघाली, त्या हिरव्या गवताकडे.

माणसाला दात नाही, कधीच नाही, असं बाबांनी माझं थोबाड धरून सांगितलं होतं. आणि शिट्टी बाबांचीच होती. सात वर्षांत मी त्यांची एकही शिट्टी मोडली नव्हती. पणजी म्हणत होती ऐक, पणजोबा म्हणत होते ऐक. मी दोघांनाही झिडकारलं, दलदलीच्या बाजूनं पुढे शिरले आणि ताईच्या उघड्या टाचेत दात रोवले. हाडापर्यंत.

ती किंचाळली. "निळे! अगं निळे!" आणि खाली बघितलं. दुसरा पाय पोटरीपर्यंत चिखलात होता. आपण कुठे आहोत ते तिला त्या क्षणी कळलं. तिनं लव्हाळ्याचे झुबके मुठीत धरले आणि जीव खाऊन पाय ओढला. तो बूटही तिथेच राहिला.

मी तिला थांबू दिलं नाही. थबकली की चावले, वळली की चावले. गायीला आणतात तशी आणली. ती रडत, लंगडत, मला शिव्या घालत पळत होती. शिट्टी येतच होती. मोरी, हौद, फाटक. जावई किंचाळी ऐकून धावत आले होते, त्यांनी तिला धरून आत घेतलं.

मी फाटकात उभी राहिले, बाहेर तोंड करून. आणि तेव्हा शिट्टी वाजली ती माझ्या डाव्या कानात. बहिऱ्या कानात. इतक्या जवळून, की कानातले केस हलले. दोन आखूड, एक लांब. रागाची नव्हती. मी पिल्लू असताना मला न कंटाळता शिकवायचे ना, तशीच होती. हे फार वाईट होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

मागे ताई जमिनीवर बसली होती, पायातून रक्त वाहत होतं, आणि तरी ती माझ्याकडेच बघत होती. पोटातला दोर कधी नव्हता इतका ताणला होता. बाबा बाहेर होते. दोन हातांवर होते. आणि मी बसले.

ते आपोआप झालं नाही. एकेक पाय मी जोर लावून दुमडला. माझ्या आयुष्यातलं पहिलं खोटं.

"बसली," ताई म्हणाली. "अहो, निळी बसली!" ती लंगडत उठली, फाटक ओढलं आणि कडी लावली. मग माझ्या गळ्यात पडून इतकी रडली, की माझी मान भिजली. "आले गं. बाबा आले घरी. आणलंस तू त्यांना." जावई गुडघ्यावर बसून तिच्या टाचेला फडकं बांधत राहिले. ताई त्या दिवशी दोन वेळा वाढून घेऊन जेवली.

बाहेर शिट्टी वाजत होती. ती आता फक्त डाव्या कानात येते. दोन आखूड, एक लांब, तेच तेच. आवाज तेवढा एकच, पण तो रोज येतो.

त्याला आता चार वर्षं झाली. मी म्हातारी झालेय, गुडघे गेलेत, उजव्या डोळ्यात ढग आलाय. ताईच्या टाचेला माझ्या दातांची खूण आहे. थंडीत तिला ठणका लागतो, तेव्हा ती हसून म्हणते, "निळीनं सही करून ठेवलीय." तिला वाटतं मी बाबांना आत आणलं, त्या आनंदात मी पिसाळल्यासारखं केलं. वाटू दे. फाटकाबाहेर एक हातभर जागा कडक उन्हाळ्यातसुद्धा ओली असते. जावई त्यावर माती टाकतात, ती परत ओली होते. त्यांनी मला कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. रोज संध्याकाळी गायी आत येतात, त्यांचे कान फाटकाकडे वळतात, आणि मी फाटकाकडे पाठ करून बसते.

पण मी किती दिवस पुरणार? म्हणून गेल्या महिन्यात त्याच कुत्रेवाल्या बाईकडून एक पिल्लू आणलं. ठिपके नुकते भरलेत, शेंबडी आहे, माझ्या ताटलीत तोंड घालते. बाईनं झाकण वाजवून दाखवलं तेव्हा तिनं मान झटकन बरोबर तिकडेच वळवली म्हणे. "दोन्ही कान खणखणीत आहेत," ताई कौतुकानं सांगत होती. सगळे खूश झाले. मी मात्र तिच्या त्या दोन उभ्या कानांकडे बघत राहिले.

आज दुपारपासून धुकं आहे. आज तिला पहिल्यांदा फाटकात उभं केलंय. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस गायी आत आल्या. मी बसले, नेहमीसारखी. पण आज माझ्याकडे कुणी बघत नाहीये. ताई कडीला हात लावून उभी आहे आणि त्या पिल्लाकडे बघतेय.

पिल्लू बसत नाहीये.

ते फाटकाबाहेर बघतंय, मान जराशी तिरकी करून, बरोबर त्या ओल्या जागेकडे. आणि त्याची शेपूट हलतेय.

"अहो," ताई म्हणाली. आवाज बदललाय तिचा. "अहो, जरा इकडे या. ही का बसत नाहीये?" आणि तिचा कडीवरचा हात खाली आला.

मला उठायला हवं. गुडघे नाही म्हणतात, पण उठले. मागून गेले, आवाज न करता, येतं मला ते. त्या पिल्लाच्या एवढ्याशा टाचेवर दात टेकवलेत, लागणार नाही असे, पण कळतील असे.

बस, पोरी. तुला ऐकू येतंय ते मलाही येतंय. बाबा फार चांगले होते. किती चांगले होते, तुला काय सांगू. तरीही बस.